बाबांची गिटार जरूर दुरुस्त करा, पण वर्कशॉपसाठी ठेव मोडू नका

प्रश्न : माझं वय ४६. ऐरोलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो, महापे एमआयडीसीत नोकरी करतो. हातात महिन्याला ९८,००० येतात. गृहकर्जाचा हप्ता ३४,५०० (अजून आठ वर्षं), घरखर्च ३८,०००, एसआयपी १५,०००. दिवाळीला साधारण ४५,००० बोनस मिळतो. बचत खात्यात १,२०,००० आहेत. एका सहकारी बँकेत ६ लाखांची मुदत ठेव आहे, ती चौदा महिन्यांनी पिकेल. मुलगी दहावीत आहे, ठेव तिच्या शिक्षणासाठीच ठेवली आहे. मेडिक्लेम फक्त कंपनीचा. माझे वडील ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. त्यांची कलकत्ता बनावटीची ॲकूस्टिक गिटार माळ्यावर पडून होती. कारागिराने दुरुस्तीचे ४०,००० सांगितले. त्याचं काम बघताना आपणही हे शिकावं असं मनात आलं. बाल्कनी बंद करून छोटं वर्कशॉप (१,४०,०००) आणि हत्यारं (१,६०,०००) धरून एकूण ३,४०,००० चा बेत आहे. शनिवार-रविवारी मिळून महिन्याला आठ गिटारींचं सेटअप (तारा, त्यांची उंची, सूर नीट करून देणं) केलं आणि प्रत्येकी १,५०० मिळाले, तर वर्कशॉपचे पैसे दोन वर्षांत वसूल होतात. ठेव मोडू, पर्सनल लोन घेऊ, की पीएम विश्वकर्मा योजनेत बसेल? बायको विचारते, हा छंद आहे की नोकरी सोडायची तयारी?

उत्तर : वहिनींचा प्रश्न तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलाय, मी तिथूनच सुरुवात करतो. छंदाचा हिशेब वेगळा आणि धंद्याचा वेगळा. तुम्ही खर्च मांडलाय छंदाच्या उत्साहात आणि वसुली मांडलीय धंद्याच्या भाषेत. म्हणून तो ३,४०,००० चा आकडा कागदावर इतका गोजिरा दिसतो.

आधी गिटार. ४०,००० थोडे नाहीत, पण ते एकदाच जाणार आहेत आणि कशासाठी जाणार हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका. जुन्या अमेरिकन गिटारींना संग्राहकांचा बाजार आहे, आपल्याकडच्या जुन्या कलकत्ता गिटारींना तसा नाही. चाळीस हजार घातले म्हणून ती चाळीस हजारांना जाणार नाही, आणि तुम्ही ती विकणारही नाही. हा सरळ घरातला हौसेचा खर्च आहे. तो दिवाळीच्या बोनसमधून करा, माझी काही हरकत नाही.

मात्र कारागिराचं कोटेशन पुन्हा वाचा. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात चार ओळी आहेत : नेक रीसेट (गिटारीची मान सोडवून योग्य कोनात पुन्हा बसवणं) १४,०००, नवे फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ९,०००, ब्रिज (पुढच्या फळीवर तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा) पुन्हा चिकटवणं ५,०००, नवं पॉलिश १२,०००. मी स्वतः हौशी वाजवणारा आहे, म्हणून यात थोडं नाक खुपसतो. पॉलिशची ओळ खोडा. साउंडहोलच्या खाली पिक घासून घासून लाकूड उघडं पडलंय, ते बाबांच्या हाताने पडलंय. १२,००० देऊन ते कशाला पुसायचं? शिवाय जाड थर चढवला तर पुढची फळी मोकळेपणाने कंप पावत नाही, आवाज दबतो.

दुसऱ्या फोटोत ब्रिजच्या मागच्या कडेखाली तुम्ही व्हिजिटिंग कार्ड सरकवून दाखवलंय आणि ते निम्मं आत गेलंय. सहा पोलादी तारांचा मिळून ओढा सत्तर किलोच्या आसपास असतो. माळ्यावर ठेवताना तारा कोणी सैल केल्या नाहीत, त्यामुळे इतकी वर्षं तो ओढा ब्रिजवर राहिला. ब्रिज मागून उचलला, पुढच्या फळीला पोट आलं आणि तारा वर गेल्या. बाराव्या फ्रेटवर तुम्ही चार मिलिमीटर मोजलेत, तिथे जाड तारेखाली अडीचच्या आसपास अंतर हवं. पण ही उंची नेकचा कोन बिघडल्यामुळे आहे की नुसत्या फुगलेल्या पोटामुळे, हे ब्रिज बसवल्याशिवाय कळत नाही. म्हणून कारागिराला सांगा, आधी ब्रिज बसवा, तारा चढवून पंधरा दिवस ठेवा आणि मग पोलादी पट्टी फ्रेटवर आडवी टाकून तिचं टोक ब्रिजच्या माथ्यावर टेकतं का ते मला दाखवा. टेकलं तर चौदा हजार वाचले. टोक बरंच खाली लागलं तर नेक रीसेट करावा लागेल. मागे कोणी ब्रिज इपॉक्सीने चिकटवला होता का, तेही विचारून घ्या. सरस असेल तर ऊब आणि ओलावा दिल्यावर जोड सुटतो. इपॉक्सी सोडवताना लाकडाचे टवके निघतात, मग मजुरी वाढते. हे सगळं कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

आता वर्कशॉप. वाद्य दुरुस्तीवर घर चालत नाही असं मी म्हणणार नाही. मिरजेत सतारमेकरांची घराणी पिढ्यान् पिढ्या याच कामावर उभी आहेत आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्यांचं गिऱ्हाईक बघा. मैफल करणारा कलावंत, ज्याचा तंबोरा बिघडला तर कार्यक्रम अडतो. तबल्याचं काम करणाऱ्याला तर कामाची ददातच नाही, पुडी फाटणार आणि शाई उडणार म्हणजे तेच गिऱ्हाईक परत येणार. तुमचं गिऱ्हाईक कोण? ऐरोली-घणसोली-ठाण्यातल्या क्लासला जाणारी मुलं, ज्यांची गिटारच सहा-आठ हजारांची. तिच्या फ्रेटकामाला चार हजार सांगितले की पालक म्हणणार, त्यापेक्षा नवीच घेऊ. आणि त्यांचं म्हणणं बरोबर असेल. दुरुस्तीचा दर वाद्याच्या किमतीच्या वर चढू शकत नाही, ही या धंद्याची मूळ मर्यादा आहे. तारा बदलणं मुलं मोबाइलवर बघून शिकतात. ज्यांच्याकडे पन्नास हजार-लाखाच्या गिटारी आहेत ते नव्या माणसाच्या हातात त्या सहजासहजी देत नाहीत. ते गिऱ्हाईक मिळायला नाव व्हावं लागतं.

म्हणून तुमचे महिन्याचे आठ मी चार धरतो. १,५०० मधून तारा, सँडपेपर, सॅडलचं (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीचं) हाड, वीज आणि आणण्या-पोहोचवण्याचं पेट्रोल वजा करून ९०० उरले असं धरा. महिन्याला ३,६०० म्हणजे वर्षाला ४३,२००. तीन लाख वसूल व्हायला जवळजवळ सात वर्षं, तीही व्याज न धरता आणि एकही गिटार तुमच्या हातून न बिघडता. सुरुवातीला एखादी बिघडतेच, आणि तिची भरपाई तुमच्या खिशातून जाणार.

बाल्कनीबद्दलही माझं मत प्रतिकूल आहे. ती खाडीच्या बाजूला, पश्चिमेला आहे. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत आपल्याकडे हवेत ८५ च्या पुढे असते, आणि सरकत्या काचा लावल्या म्हणून बंद बाल्कनीतली हवा कोरडी होत नाही. त्या दमट हवेत तुम्ही फ्रेट बसवून काठ गुळगुळीत घासून द्याल. गिऱ्हाईक गिटार एसी खोलीत ठेवेल, फिंगरबोर्ड आक्रसेल आणि फ्रेटची टोकं बोटांना टोचायला लागतील. मग तक्रार तुमच्याकडे येईल. हवेतला ओलावा काढणारा डिह्युमिडिफायर लावला तर ३०० वॅटचं यंत्र रोज दहा तास म्हणजे महिन्याला नव्वद युनिट, बिल वरच्या स्लॅबमध्ये. म्हणून १,४०,००० चं बांधकाम करण्याआधी आर्द्रता मोजणारा काहीशे रुपयांचा हायग्रोमीटर आणा आणि पावसाळाभर बाल्कनीत आणि आतल्या खोलीत रोजचे आकडे वहीत लिहा. माझा अंदाज, आतल्या खोलीतलं घडीचं टेबल जिंकेल. सोसायटीचा मुद्दाही आहेच. घासण्याचा आवाज एक वेळ चालेल, पण लॅकरचा वास आणि बंद जागेत ज्वालाग्राही थिनर कमिटीला चालणार नाही, आणि मलाही चालणार नाही.

पैसा कुठून, हा तुमचा मुख्य प्रश्न. ३,४०,००० चं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ११,६२० च्या आसपास बसतो आणि एकूण व्याज सुमारे ७८,०००. तुमच्याकडे सगळं जाऊन महिन्याला उरतात १०,५००. इथेच विषय संपला. ठेव मोडली तर बहुतेक बँका जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा दर लावून त्यातूनही दंड कापतात. पण दंड ही दुय्यम गोष्ट. हप्ता आणि घरखर्च मिळून तुमची महिन्याची गरज ७२,५०० आहे. सहा महिन्यांची गंगाजळी म्हणजे ४,३५,०००, आणि हाताशी आहेत १,२०,०००. उद्या नोकरीत काही झालं तर मुलीच्या शिक्षणाची ही ठेवच तुम्ही मोडणार आहात, दुसरं काही नाही. त्या ठेवीवर आधीच दोन कामांचा भार आहे, तिसरं टाकू नका. अगदीच अडचण आली तर ठेवीवर कर्ज मिळतं. त्याचा दर साधारण ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो, पर्सनल लोनपेक्षा खूप बरा. पण तो मार्ग आजारपणासाठी राखून ठेवा.

विश्वकर्मा योजनेचं थोडक्यात : २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार आहे, सोनार आहे, कुंभार आहे. वाद्य दुरुस्ती त्यात नाही, आणि पगारदार माणसाने सुतार म्हणून नाव घालणं मला पटत नाही. मुद्राच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, पण तेही कर्जच, आणि तुमच्याकडे अजून गिऱ्हाईक नाही.

मग करायचं काय? १०,५०० मधले पाच हजार गंगाजळीत घाला, लिक्विड फंडात किंवा आवर्ती ठेवीत. अडीच हजार कुटुंबाच्या स्वतंत्र मेडिक्लेमसाठी बाजूला काढा. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, आणि तुमच्या वयात तो नव्याने घेताना आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ लागतो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेवढा फायदा घ्या. उरलेले तीन हजार तुमच्या छंदाचे, आणि त्यांचा हिशेब वहिनींनी मागायचा नाही. हे मी त्यांनाही वाचायला सांगतो.

तीन हजारांत काय होतं? बरंच. पहिल्या दोन-तीन महिन्यांत नागदेवी स्ट्रीटला जाऊन चांगली पोलादी पट्टी, फीलर गेज, व्हर्नियर, बारीक कानशी आणि खोल तोंडाचे दोन क्लॅम्प घ्या. परदेशी नटफाइल्सच्या (तारांच्या खाचा कोरायच्या कानशींच्या) संचावर आत्ताच उडी मारू नका. किंमत, कस्टम ड्युटी, कुरिअर आणि कार्डावरचं विदेशी चलनाचं शुल्क मिळून तो तुमच्या यादीतला सगळ्यात महाग आयटम होतो, आणि सुरुवातीला त्याची गरज पडत नाही. एखाद्या गिटार क्लासमध्ये विचारा, कोपऱ्यात तुटक्या गिटारी पडलेल्या असतात. पाचशे-हजारात दोन उचला. त्यांचे फ्रेट काढा, बसवा, बिघडवा. बाबांच्या गिटारीला मात्र पहिल्या वर्षी तुम्ही हात लावायचा नाही, ती कारागिराकडेच जाणार. जमलं तर त्याला विचारा, शनिवारी शेजारी बसून मदत करू का म्हणून. यासाठी फी मागितली तरी द्या, हत्यारांपेक्षा ती जास्त उपयोगी पडेल.

वर्षभरात ओळखीपाळखीबाहेरच्या दहा-बारा लोकांनी पैसे देऊन काम करून घेतलं, तर पुढची हत्यारं त्या कमाईतून घ्यायची, पगारातून नाही. तोवर हा छंद आहे. वहिनींना तसंच सांगा.

कमाई सुरू झाली की दोन कागद बघा. तुमचं नियुक्तीपत्र, कारण जोडधंद्याला परवानगी लागते असं कलम बहुतेकांत असतं. आणि आयकर. धंद्याचं उत्पन्न दाखवलं की आयटीआर-१ (पगारदारांचा साधा विवरणपत्राचा फॉर्म) चालत नाही, अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत आयटीआर-४ भरावा लागतो. गृहकर्जाच्या व्याजासाठी तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर जास्त जपा. नुसत्या पगारदाराला दरवर्षी प्रणाली बदलता येते, धंद्याचं उत्पन्न आलं की ही मुभा जवळजवळ जाते. वर्षाच्या चाळीस हजारांसाठी तो निर्णय चुकवू नका. सीएला आधी विचारा.

ठेवीबद्दल एक राहिलं. बँक बुडाली तर ठेव विम्यातून एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच मिळतात. तुमचे ६ लाख एकाच सहकारी बँकेत आहेत. चौदा महिन्यांनी ठेव पिकली की ती दोन बँकांत विभागा आणि मुदत मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशाच्या महिन्याला जुळवून घ्या.