कंपवाताच्या गोळ्या : वेळ, जेवण आणि सोबतची औषधे

या महिन्यात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून कंपवाताविषयी, म्हणजेच पार्किन्सन्स आजाराविषयी, आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : ‘आजार वाढला, आता गोळ्या लागू पडत नाहीत.’ हा आजार हळूहळू वाढतो हे खरे असले, तरी तसा निष्कर्ष काढण्याआधी गोळी कोणत्या वेळी, कशाबरोबर आणि आणखी कोणत्या गोळ्यांच्या जोडीने पोटात जाते, हे पाहायला हवे. पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते. डोसमध्ये कोणताही बदल मात्र रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे असून त्यांना पाच वर्षांपासून कंपवात आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी ते सकाळी चहाआधी आणि दुपारी व रात्री जेवण झाल्याबरोबर घेतात. सकाळच्या गोळीने हातपाय मोकळे होतात. दुपारची मात्र घेतली काय आणि न घेतली काय, सारखेच. दुपारच्या जेवणात भाकरी, घेवड्याची आमटी किंवा पिठले आणि वाटीभर दही असते. ‘आताच जास्त गोळ्या खाल्ल्या तर पुढे उपयोग होणार नाही’ असे म्हणून हल्ली ते दुपारची गोळी मधूनमधून टाळतातही. काय करावे?
– एक वाचक भगिनी, कोरेगाव

उत्तर : आपण दुपारचे जेवण लिहून कळवलेत हे फार चांगले केलेत, कारण अडचण बहुधा त्यातच आहे. घेवडा, डाळीचे पीठ आणि दही हे तिन्ही प्रथिनांचे पदार्थ आहेत. प्रथिने पचली की त्यांची अमिनो आम्ले होतात आणि लेव्होडोपाही रासायनिक दृष्ट्या एक अमिनो आम्लच आहे. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाण्यासाठी या सगळ्यांना एकच वाट वापरावी लागते. बाजाराच्या दिवशी एसटीच्या एकाच दारात गर्दी व्हावी तशी तिथे गर्दी होते आणि औषधाचा मोठा भाग मागे राहतो. शिवाय पोट भरलेले असले की गोळी जठरातच रेंगाळते, आणि लेव्होडोपा शोषला जातो तो जठरात नव्हे, तर पुढे लहान आतड्यात. सकाळची गोळी रिकाम्या पोटी जाते म्हणून ती लागू पडते.

त्यामुळे दुपारची आणि रात्रीची गोळी जेवणाच्या किमान अर्धा तास आधी, पेलाभर पाण्याबरोबर द्यावी. ते जमले नाही तर जेवणानंतर निदान एक तास, शक्य तर त्याहून अधिक वेळ जाऊ द्यावा. रिकाम्या पोटी गोळी घेतल्याने मळमळत असेल, तर सोबत एखादे साधे बिस्कीट किंवा मूठभर लाह्या चालतील, दूध नको. प्रथिने बंद करावीत असा अर्थ मात्र कृपा करून काढू नये. कंपवाताच्या रुग्णांचे वजन आणि स्नायूंची ताकद आधीच घटत असते. दुपारचा त्रास तरीही राहिला, तर आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने डाळी-कडधान्यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात नेता येतो. सासरे रक्तवाढीसाठी लोहाची गोळी घेत असतील, तर तीही या गोळीपासून किमान दोन तास दूर ठेवावी, कारण लोह लेव्होडोपाला बांधून ठेवते. पोट साफ होत नसेल तर त्याकडेही लक्ष द्यावे. बद्धकोष्ठता आणि सुस्तावलेले जठर या आजारात बहुधा जोडीने आढळतात, आणि मग गोळीचा परिणाम उशिरा दिसतो.

आता औषध ‘पुढच्यासाठी राखून ठेवण्या’विषयी. ही समजूत फार घरांत आहे आणि तिच्यापायी माणसे विनाकारण वर्षानुवर्षे जखडून राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. नेदरलँड्समधील ४४५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ अभ्यासात निम्म्या रुग्णांना लेव्होडोपा लगेच, तर निम्म्यांना ४० आठवड्यांनी सुरू केला होता. ८० आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या लक्षणांत फरक आढळला नाही. म्हणजे लवकर सुरू केल्याने आजार मंदावला नाही, पण नुकसानही झाले नाही. काही वर्षांनी एकेका गोळीचा परिणाम कमी तास टिकू लागतो, त्याचे मुख्य कारण मेंदूतील डोपामिन, म्हणजे लेव्होडोपापासून तयार होणारे आणि हालचालींवर ताबा ठेवणारे रसायन, साठवणाऱ्या पेशी घटत जाणे हे आहे. औषध वापरून ‘संपत’ नाही. डोस वाढत गेला की अनावश्यक हालचाली होण्याची शक्यता वाढते, हे मात्र खरे आहे, आणि म्हणूनच डोस डॉक्टरांनी ठरवायचा असतो. रुग्णाने मनाने एखादी गोळी गाळायची नसते.

पुढच्या भेटीआधी आठवडाभर एक वही ठेवावी. नोंद अगदी साधी असावी : ‘७ वाजता गोळी. ७.४० ला शर्टाची बटणे स्वतः लावली. ११ नंतर पाऊल अडखळू लागले. १२.३० ला गोळी, १ वाजता जेवण.’ ‘बरे वाटत नाही’ या तीन शब्दांपेक्षा अशा चार ओळींवरून डॉक्टरांना डोसच्या वेळा कितीतरी नेमक्या ठरवता येतात.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६४ आहे. तिला वर्षभरापासून चक्कर आणि गॅसेसचा त्रास आहे व त्यासाठी ती रोज दोन गोळ्या घेते. गेल्या चार महिन्यांत तिची चाल मंदावली, हात थरथरू लागले, चेहराही निर्विकार दिसतो. एका डॉक्टरांनी कंपवाताची शक्यता सांगितली आहे. घराण्यात हा आजार कुणालाच नाही. जुन्या गोळ्यांचे फोटो सोबत पाठवत आहे.
– एक वाचक, मिरज

उत्तर : फोटोतील एक गोळी सिनारिझिनची, चक्कर येण्यावरची आहे, आणि दुसरी आम्ल कमी करणारे औषध व लेव्होसल्पिराइड यांची एकत्रित कॅप्सूल आहे. सिनारिझिन आणि लेव्होसल्पिराइड या दोन्ही औषधांनी कंपवातासारखीच लक्षणे निर्माण होऊ शकतात. कंपवातात मेंदूतील डोपामिन कमी पडते; ही औषधे असलेल्या डोपामिनचे काम अडवतात, आणि दिसायला दोन्हींचा परिणाम सारखाच असतो. आईंना मूळ आजार आहे की औषधांमुळे ही लक्षणे आली आहेत, हे पत्रावरून सांगता येणार नाही. तरीही कंपवाताच्या गोळ्या सुरू करण्याआधी या दोन गोळ्यांची खरोखर गरज आहे का, हे तपासलेच पाहिजे. दोन्ही स्ट्रिपा, त्या कधी सुरू झाल्या याच्या तारखांसह, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवाव्यात. लक्षणे औषधांमुळे असतील, तर ती औषधे थांबवल्यावर काही आठवड्यांपासून काही महिन्यांत सुधारणा दिसते, त्यामुळे धीर धरावा लागेल. काही रुग्णांत मात्र औषध बंद करूनही लक्षणे राहतात, कारण आत दबून असलेला कंपवात त्या औषधाने उघडा पाडलेला असतो. म्हणून सुधारणा दिसली तरी तपासण्या सोडू नयेत.

मिरजेत दवाखान्यांची कमतरता नाही. पोटाचे डॉक्टर वेगळे, कानाचे वेगळे, हाडांचे वेगळे, आणि प्रत्येकाची चिठ्ठी वेगळ्या पिशवीत, अशी स्थिती अनेक घरांत असते, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यातच ‘मागच्या वेळी दिलेली गॅसची गोळी द्या’ म्हणत दुकानातून तीच कॅप्सूल महिनोन्‌महिने आणली जाते. कंपवात असलेल्यांनी आणि हात थरथरणाऱ्या प्रत्येक वृद्धाच्या घरच्यांनी टाळायच्या औषधांची पुढील नावे कागदावर लिहून पाकिटात ठेवावीत : उलटी व मळमळीसाठीचे मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, गॅसच्या कॅप्सूलमधील लेव्होसल्पिराइड, चक्कर किंवा अर्धशिशीसाठीचे सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, आणि मानसिक आजारावरील हॅलोपेरिडॉल. स्ट्रिपवरच्या मोठ्या अक्षरांतील नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले घटक वाचावेत. कंपनीगणिक नाव बदलते, घटक बदलत नाही. मळमळीसाठी औषध हवेच असेल, तर मेंदूत फारसे न शिरणारे डॉमपेरिडोन डॉक्टर सुचवू शकतात, मात्र हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांनी ते स्वतःहून घेऊ नये. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेले औषधही आपल्या मनाने थांबवू नये. कंपवातात तुलनेने सुरक्षित असे पर्याय असतात आणि तो बदल त्यांनीच करायचा असतो.

प्रश्न : गोळ्या सुरू झाल्यापासून लघवी गडद रंगाची होते. मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल का?
– एक वाचक, वाई

उत्तर : लेव्होडोपामुळे लघवी, घाम व लाळ गडद होऊ शकते, आणि सोबत लेव्होडोपाचा परिणाम लांबवणारे एन्टाकॅपोन असेल तर लघवी तांबूस-तपकिरी होते. हा रंग औषधाचा आहे, अपायकारक नाही. जळजळ, ताप किंवा रक्ताच्या गाठी दिसल्या, तर मात्र तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : वडिलांचे हर्नियाचे ऑपरेशन कऱ्हाडला ठरले आहे. आदल्या रात्री बारानंतर तोंडात काही घालायचे नाही, अशी सूचना आहे. ते एरवीही एकादशीला गोळ्या घेत नाहीत, त्यामुळे एक दिवस चुकला तर काय बिघडते, असे त्यांचे म्हणणे आहे.
– एक वाचक, पाटण

उत्तर : बिघडू शकते, आणि गंभीरपणे बिघडू शकते. कंपवाताची औषधे एकाएकी तोडल्याने अंग लाकडासारखे ताठरणे, जोराचा ताप येणे आणि शुद्ध हरपणे अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. दरवेळी असे होत नाही. पण गोळ्या चुकल्यावर गिळणे आणि श्वसनाचे स्नायूही मंदावतात, आणि ऑपरेशननंतर नेमके तेच परवडत नाही. भूलतज्ज्ञांना आधीच भेटून गोळ्यांची पूर्ण यादी द्यावी. सकाळचा डोस घोटभर पाण्याबरोबर घ्यावा का, हे त्यांना स्पष्ट विचारावे. बहुतेक वेळा ते परवानगी देतात. ऑपरेशन यादीत सकाळी पहिले ठेवण्याची विनंती करावी. वडील सेलेजिलिन किंवा रॅसाजिलिन ही कंपवाताचीच औषधे घेत असतील, तर ते आवर्जून सांगावे, कारण पेथिडिन आणि ट्रॅमाडॉल ही वेदनाशामके त्यांच्याबरोबर धोकादायक ठरतात. मिरजेच्या वाचकांना दिलेल्या उत्तरातील, टाळायच्या उलटीच्या औषधांची नावेही सांगावीत. ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी सहसा ऑन्डानसेट्रॉन चालते. नळीतून औषध द्यायची वेळ आली, तर साधी गोळी कुटून देता येते. हळूहळू विरघळणारी, नावापुढे ‘सीआर’ असलेली गोळी मात्र कधीही कुटू नये, कारण काही तासांचा डोस एकदम अंगात जातो. स्वतःच्या स्ट्रिपा रुग्णालयात सोबत न्याव्यात, म्हणजे औषध मागवण्यात वेळ जाणार नाही.

एकादशीविषयी इतकेच म्हणेन की औषध घेतल्याने व्रत मोडते असे आपल्याकडचे जाणते लोकही मानत नाहीत, तेव्हा वडिलांना ते प्रेमाने समजावून सांगावे. एखादी गोळी कधी विसरलीच, तर आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्यावी, दोन्ही एकदम घेऊ नयेत. आणि पाटणच्या पावसाळ्यात गोळ्या आठवड्याआधीच स्ट्रिपमधून सोडवून डबीत भरू नयेत, कारण दमट हवेने व उजेडाने लेव्होडोपा खराब होतो.

प्रश्न : माझे पती निवृत्त शिक्षक आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांना प्रामिपेक्सोल सुरू झाले. आयुष्यात कधी पत्ते न खेळलेला माणूस आता रात्रभर मोबाईलवर पैसे लावून रमी खेळतो. मुलांना सांगायची लाज वाटते. माझे नाव छापू नये.
– सांगली

उत्तर : आपण लिहिण्याचे धैर्य दाखवलेत, त्याबद्दल मनापासून आभार. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातील औषधांनी काही रुग्णांना जुगार, अवास्तव खरेदी, सतत खाणे किंवा अनावर कामेच्छा यांचे वेड लागते. औषध डोपामिनची नक्कल करते आणि मेंदूतील समाधानाची भावना निर्माण करणाऱ्या भागावरही त्याचा परिणाम होतो, म्हणून असे घडते. हा आपल्या पतींचा स्वभावदोष नाही. रुग्णाला स्वतःला बहुधा ते खटकत नाही, म्हणून घरच्यांनीच डॉक्टरांना सांगावे लागते. पतींसमोर बोलणे अवघड वाटत असेल, तर चार ओळी लिहून चिठ्ठी पाठवावी. डोस कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर बहुतेकांचा हा त्रास ओसरतो, परंतु ही गोळी एकदम बंद करू नये. टप्प्याटप्प्यानेच कमी करावी, नाहीतर अस्वस्थता, घबराट आणि उदासीनता येऊ शकते. याच गोळीने दिवसा अचानक डोळा लागतो, म्हणून डॉक्टरांनी स्पष्ट होकार देईपर्यंत त्यांनी स्कूटर चालवू नये. तोवर बँकेचे खाते, मोबाईलमधील पैसे पाठवण्याची सोय आणि कार्ड यांचा ताबा आपण किंवा मुलांनी घ्यावा. मुलांना सांगताना गोळीचे नाव आणि ती सुरू झाल्याची तारीख आधी सांगावी, रमीचा विषय त्यानंतर काढावा.