१.२ लिटर टर्बो पेट्रोलला ३ इंची एक्झॉस्ट लावला तर लॅग (ॲक्सिलरेटर दाबल्यावर टर्बोची ताकद यायला लागणारा उशीर) वाढेल का?

नाही, वाढणार नाही. ‘बॅकप्रेशर (एक्झॉस्टमध्ये वायूला अडवणारा दाब) हवंच’ हा नियम बिनटर्बोच्या इंजिनावरून आलेला गैरसमज आहे. टर्बाइन, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने फिरणारं टर्बोतलं चाक, फिरते ती तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावर. म्हणून टर्बोनंतरचा पाइप जितका मोकळा, तितका टर्बो लवकर जागा होतो. टर्बोच्या आधी मात्र उलटं: मॅनिफोल्ड (इंजिनातून टर्बोपर्यंत वायू नेणारा भाग) रुंद केला की वायूचा वेग आणि उष्णता दोन्ही घटतात, आणि लॅग खरोखर वाढतो. तिथे हात लावू नका.

तरीही तुमच्या रीमॅप केलेल्या (ताकदीसाठी इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेल्या) १.२ ला २.५ इंच भरपूर झाला. ३ इंचाने हाती फारसं काही लागत नाही. आवाज वाढतो आणि पाइप स्पीडब्रेकरला घासतो. पैसे डाउनपाइपवर (टर्बोला लागून असलेल्या पहिल्या पाइपवर) घाला, सर्वात जास्त अडथळा तिथेच असतो. वाकवताना मँड्रेल बेंडच (आत आधार ठेवून, गोलाई न बिघडवता केलेलं वळण) मागा. साध्या मशीनवर वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो, मग २.५ इंच नावापुरताच उरतो. इंजिन हलतं, म्हणून फ्लेक्स जॉइंट (लवचिक जोड) हवाच, नाहीतर वेल्डला तडा जातो.

अडथळा कमी झाला की छोटा वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) पुरा पडत नाही, वरच्या आरपीएमला बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ठरलेल्यापेक्षा चढतो. त्यामुळे काम झाल्यावर पुन्हा ट्यून करा, बूस्टचा लॉग (नोंद) बघा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) काढू नका, ते बेकायदेशीर आहे.

आणि नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, गाडी मंद वाटत असेल तर आधी इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) आणि बूस्ट होजचे (ती हवा नेणाऱ्या नळ्यांचे) क्लॅम्प तपासा.