लिनक्सवर सुडो न देता सगळ्यांना पेनड्राइव्ह काढू कसा द्यावा?

तुमचा प्रश्न असा: खानापूरच्या वाचनालयात लिनक्सचं उबुंटू २४.०४ आहे, एकाने लावलेला पेनड्राइव्ह दुसरा काढायला गेला की ॲडमिनचा पासवर्ड मागतो, तर सगळ्या मुलांना सुडो (ॲडमिनचे सगळे अधिकार) द्यावं का?

अजिबात देऊ नका. सुडो हातात आलं की पेनड्राइव्हच काय, अख्खा कॉम्प्युटर मोडता येतो. तुम्हाला एकच परवानगी द्यायची आहे.

स्वतः लावलेला ड्राइव्ह काढायला पासवर्ड लागत नाही. आधीचा मुलगा ड्राइव्ह तसाच ठेवून 'स्विच युझर' करून गेला, तर तो ड्राइव्ह त्याच्याच नावावर माउंट (जोडलेला) राहतो आणि पोलकिट, म्हणजे कुणाला काय करू द्यायचं ते ठरवणारा प्रोग्रॅम, पुढच्याला अडवतं. म्हणून 'वाचक' असा एक गट करा, मुलांची खाती त्यात घाला. मग ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरातल्या पोलकिट-१ च्या रूल्स.डी फोल्डरमध्ये नियमाची फाइल ठेवा: कृती युडिस्क्स२ (ड्राइव्ह जोडणारा-काढणारा प्रोग्रॅम) ची 'फाइलसिस्टम-अनमाउंट-अदर्स', म्हणजे दुसऱ्याने लावलेला ड्राइव्ह काढणं, वापरणारा त्या गटातला आणि त्याच कॉम्प्युटरसमोर बसलेला, तर उत्तर 'येस'. एखाद्या मशिनवर २२.०४ असेल तर तिथलं पोलकिट जुनं आहे, त्याला हा नियम कळत नाही. तिथे पीकेएलए फाइल (नियम लिहायची जुनी पद्धत) लागते. बरेच जण इथेच अडकतात.

यात धोका कमी आहे, कारण कुणाची फाइल उघडी असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) 'बिझी' म्हणून नकार देतो. तेव्हा फ्युझर किंवा एलएसओएफ या कमांडने कुठला प्रोग्रॅम धरून बसलाय ते बघा आणि तो बंद करा. 'लेझी' अनमाउंट (वापर चालू असतानाच काढून टाकणं) मात्र कधीच करू नका. ड्राइव्ह यादीतून जातो, पण लिहिणं आतून चालूच असतं.

वाचनालयाची बॅकअप डिस्क एफएसटॅबमध्ये (कुठल्या डिस्क कशा जोडायच्या त्याच्या यादीची फाइल) असेल तर तिथे 'युझर' नको, 'युझर्स' लिहा. 'युझर' असेल तर ज्याने माउंट केली त्यालाच काढता येते, आणि बूट होताना, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना, ती रूटने (मुख्य ॲडमिन खात्याने) माउंट केलेली असते. सोबत 'नोफेल' हा पर्याय हवाच, नाहीतर डिस्क लावलेली नसली की बूट अडकतं.

आणि मुलांना हे नक्की सांगा: कॉपीची खिडकी बंद झाली म्हणजे फाइल ड्राइव्हवर पोचली असं नाही. ती रॅममध्ये थांबते. सेकंदाला ५ एमबी लिहिणाऱ्या स्वस्त पेनड्राइव्हवर १ जीबी उतरायला तीन मिनिटांच्या वर लागतात. शिष्यवृत्तीचे फॉर्म, आरटीसीचे (कर्नाटकातल्या जमिनीच्या नोंदीचे) उतारे असेच अर्धवट राहतात. 'आता काढू शकता' असा संदेश येईपर्यंत ड्राइव्हला हात लावायचा नाही.