मुलांना, सासूबाईंना घेऊन नील बेट?

प्रश्न : आम्ही फोंड्याचे. मुलं लहान आहेत, सासूबाईंचे गुडघे दुखतात. कळंगुट-बागाची गर्दी नको झालीय. अंदमानातलं नील बेट जमेल का?

उत्तर : ताई, जमेल, आणि शेजारच्या मोठ्या हॅवलॉक बेटापेक्षा नीलच बरं, कारण बेट छोटं, रिक्षाने सगळीकडे जाता येतं. २०१८ पासून त्याचं नाव शहीद द्वीप आहे, तिकीट काढताना गोंधळू नका. मुलांसाठी भरतपूर बीच, पाणी उथळ आणि शांत, आपल्या पावसाळ्यातल्या समुद्रासारखं ओढून नेणारं नाही, पण तिथे बोटी आणि जेटस्कीही असतात म्हणून सकाळी लवकर जा, सूर्य तिकडे आपल्यापेक्षा खूप आधी उगवतो. ओहोटीला खाली मेलेलं प्रवाळ लागतं, पाय कापतात, मुलांना रबरी बूट हवेतच. लक्ष्मणपूर बीचकडचा नैसर्गिक दगडी पूल, म्हणजे खडकाची कमान, ओहोटीलाच बघता येतो, निसरड्या खडकांवरून चालायचं, सासूबाईंना तिथे नेऊ नका हो, त्यांना संध्याकाळी लक्ष्मणपूरच्या वाळूवर सूर्यास्त दाखवा. जानेवारी ते एप्रिल जा. आणि प्रवाळाचा तुकडा मुलांना उचलू देऊ नका, कायद्याने बंदी आहे.