बाळाला कादंबरीतलं नाव ठेवताय? आधी एवढं बघा

ताई, अभिनंदन! पात्राचं नाव जरूर ठेवा, फक्त पात्र शेवटपर्यंत वाचून. निम्म्यावर आवडलेलं पात्र शेवटी काय निघेल, सांगता येत नाही. आपल्या सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (1959) घ्या. देवयानी कानाला गोड, पण तिथली देवयानी मानी आणि हट्टी. तुम्हाला चालत असेल तर खुशाल ठेवा. कच मात्र गुणी असूनही शाळेत ‘कचरा’ होणार, हे लिहून घ्या! चालू मालिकेतलं नाव तर नकोच; टीआरपी घसरला की नायिकेची खलनायिका होते.

मग हे करा:

- वडिलांचं नाव, आडनाव लावून आठवडाभर मोठ्यानं हाक मारा. आजीच्या तोंडी बसलं नाही, तर घरात दुसरंच रूढ होतं.
- इंग्रजी स्पेलिंग आधीच ठरवा. ‘ऋ’ची नावं इथं हमखास घोटाळा करतात: दाखल्यावर एक, आधारवर दुसरं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, नावाची नव्हे. ग्रामपंचायत असो की नगरपालिका, नावाशिवाय नोंद होते आणि वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. बारशाला पाळण्यातलं नाव ठेवा आणि कागदावरचं सावकाश ठरवा. एकदा दाखल्यावर चढलं की बदलायला खेटे घालावे लागतात. राशीच्या अक्षराचं नंतर बघू.