पहिल्यांदाच माईक हातात येणार, आणि आत्तापासून घसा कोरडा

"ताई, मी नववीत आहे. पारोळा तालुक्यातलं आमचं गाव. स्नेहसंमेलन पंधरा दिवसांवर आलंय आणि बाईंनी सूत्रसंचालनाला माझं नाव घातलंय. वर्गात मी बडबडी, पण अख्ख्या गावासमोर कधी बोलले नाही. घरी आम्ही अहिराणी बोलतो. घाबरले की 'शाळा'चं 'शाया' होतं. पोरं हसतील. बाईंना नाही सांगून टाकू का?"

नाही सांगू नकोस गं. पंधरा दिवस भरपूर आहेत. तुझी भीती मला जरा मोघम वाटते. नक्की काय चुकेल ते ठाऊक नसलं की सगळंच चुकेल असं वाटतं. म्हणून कुठे काय चुकतं तेच आधी बघू.

सर्वांत जास्त घोळ सत्कारात होतो. कोण कोणाचा सत्कार करणार, हे बोलताना उलटंपालटं होतं आणि मुख्याध्यापकांच्या हस्ते पाहुण्यांचा व्हायचा तो पाहुण्यांच्या हस्ते मुख्याध्यापकांचा होऊन बसतो. त्यामुळे कार्डावर वाक्य लिहू नकोस. डावीकडे सत्कार करणाऱ्याचं नाव, मधे बाण, उजवीकडे ज्यांचा सत्कार त्यांचं नाव आणि पद, एवढंच लिही. सरपंच, शाळा समितीचे अध्यक्ष, संस्थेचे पदाधिकारी यांतलं एक नाव राहिलं तरी गावात महिनाभर त्याचीच चर्चा चालते. नावांची यादी ऐन दिवशी बदलतेच. म्हणून ती नावं पेन्सिलने लिही आणि कार्यक्रमाच्या तासभर आधी बाईंकडून पुन्हा तपासून घे. तरी एखादं नाव चुकलंच, तर "क्षमस्व" म्हणून बरोबर नाव घे आणि पुढे चल. तीनतीनदा माफी मागितली की ज्याच्या लक्षात आलं नव्हतं त्यालाही कळतं.

कार्डं पोस्टकार्डाएवढी, जाड कागदाची कर. मोठा कागद थरथरतो, ते लांबूनही दिसतं, आणि माईकजवळ त्याची फडफड ऐकू येते. एका कार्डावर एकच कार्यक्रम, जास्तीत जास्त सहा ओळी. कोपऱ्यात क्रमांक घाल आणि भोक पाडून सगळी दोऱ्यात ओव. हातातून पडली तरी क्रम मोडणार नाही.

पाठ फक्त पहिली चार वाक्यं कर. झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील इतकी पक्की. बाकीचं पाठ करूच नकोस. पाठांतरात एक शब्द निसटला की पुढची सगळी साखळी तुटते. छातीतली धडधड पहिल्या एकदोन मिनिटांत सर्वांत जास्त असते, तेवढा वेळ ही चार वाक्यं तुला पेलतात. नाव पुकारायच्या आधी चार आकडे मोजत श्वास घे आणि सहा ते आठ आकडे मोजत सोड, असं पाच वेळा. सोडताना जास्त वेळ लागला पाहिजे, ठोके त्यानेच खाली येतात.

आणखी एक. जानेवारीतल्या रात्री आपल्याकडे उघड्या मैदानावर हुडहुडी भरते. निम्मी थरथर थंडीची असते आणि पोरींना वाटतं, आपण घाबरलो! स्टेजवर जाईपर्यंत स्वेटर काढू नकोस, कोमट पाणी जवळ ठेव. रिकाम्या पोटी उभी राहू नकोस, पण तासभर आधी पोटभर वरण-बट्टीही नको.

माईक हनुवटीजवळ, तोंडापासून चार बोटांवर धर. जाळी मुठीत झाकलीस किंवा माईक स्पीकरच्या समोर नेलास की शिट्टी वाजते. फुंकर मारून, टकटक करून बघू नकोस. हात कापत असेल तर कोपर कमरेला टेकव. समोर शाळेची इमारत असेल तर आवाज तिच्यावर आदळून परत येतो आणि आपलंच बोलणं आपल्याला दुसऱ्यांदा ऐकू येतं. नवखी पोरं तिथेच गोंधळतात आणि भरभर बोलायला लागतात. तू उलट कर: वाक्य संपलं की थांब, घुमणं विरू दे. म्हणूनच रंगीत तालीम माईक लावून, त्याच स्टेजवर एकदा तरी होऊ दे, हे बाईंना आजच सांग. घरी माईकऐवजी बॅटरी हातात धरून, उभं राहून, मोठ्याने सराव कर. मनातल्या मनात वाचणं म्हणजे सराव नव्हे.

दोन कार्यक्रमांमध्ये अर्धा मिनिट बोललीस तरी पुष्कळ झालं. सावकाश बोललं तर ते साधारण ५० शब्द होतात. पंगतीत वाढणाऱ्याने जसं पानाकडे बघायचं, तसं तू पुढच्या कार्यक्रमाकडे बघ. दर वेळी चारोळी नको, अख्ख्या कार्यक्रमात तीन बास. "टाळ्यांच्या कडकडाटात" तर एकदाच.

गॅप मात्र पडतातच. वाऱ्याने समई पेटत नाही, पेनड्राइव्हमधलं गाणं लागत नाही, नाचाच्या मुलींचा शृंगार आटपत नाही. त्यासाठी एकेक मिनिटाची चार जादा कार्डं कर: पाहुण्यांच्या कामाविषयी दोन ओळी, शाळेने वर्षभरात मिळवलेली बक्षिसं, एक कोडं, पुढे काय काय आहे त्याची झलक. पडद्यामागे एक मैत्रीण उभी कर. तिने अंगठा दाखवला की पुढचं नाव पुकारायचं, तोवर नाही. घोषणा झाली आणि स्टेज रिकामं, यासारखी फजिती नाही. पोरांनी आरडाओरडा केला तर गप्प उभी राहा. दटावणं सरांचं काम.

आता 'शाया'चं. घरची भाषा सोडायची काही गरज नाही, फक्त माणसांची आणि गावांची नावं चोख यायला हवीत. 'य' म्हणताना जिभेचं टोक टाळूला लागत नाही. 'ळ'ला ते मागे वळून टाळूला लागतं आणि झटक्यात सुटतं. पारोळा, अमळनेर, चाळीसगाव, पिंपळनेर ही नावं रोज दहा वेळा सावकाश म्हण. पाहुणे यांतल्याच कुठल्यातरी गावचे असतील. हेल आहे तसाच राहू दे. आणि बाईंची परवानगी असेल, तर उद्घाटन आटोपून नाचगाणी सुरू होताना एकदा "राम राम मंडई" म्हणून बघ. मागे उभे असलेले गावकरीच आधी दाद देतील.

शेवटच्या कार्डावर आभार, राष्ट्रगीत आणि पालकांनी मुलांना कुठून घेऊन जायचं ती सूचना. ती सांगून झाली की माईकचं बटण बंद कर, मगच मैत्रिणीकडे वळून "बापरे, संपलं एकदाचं" म्हण.