थ्रिलरची पहिली दोन मिनिटं: कॅमेरा नेमका कुठे ठेवायचा?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही चौघं नाशिकला मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहोत. सेमिस्टरला दोन मिनिटांचं थ्रिलरचं ओपनिंग करून द्यायचंय, पूर्ण फिल्म नाही, फक्त सुरुवात, टायटल्स धरून. स्टोरी अशी की एकटी राहणारी एक मुलगी रात्री उशिरा तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटवर येते, जिना चढताना कुकरची शिट्टी ऐकू येते, तिला वाटतं शेजारी असेल, पण दार उघडल्यावर कळतं की शिट्टी तिच्याच किचनमधून येतेय. कॅमेरा मित्राचा मिररलेस, किट लेन्स आणि एक ५० एमएम, एक ट्रायपॉड, दोन छोट्या एलईडी. फ्लॅट एकाच रात्रीसाठी मिळतोय. शॉट लिस्ट केली तर ६४ शॉट झाले, सुरुवातीला ड्रोन पण आहे. एवढे होतील का? काढायचे तर कुठले काढायचे?
— चौघं मित्रमैत्रिणी, नाशिक

उत्तर : आधी तुमच्या आयडियाबद्दल बोलतो कारण ती मला मनापासून आवडली. रिकाम्या घरातून कुकरची शिट्टी, ही भीती आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला एका सेकंदात कळते, काही समजावून सांगावं लागत नाही, आणि त्यासाठी चाकू नको, रक्त नको, मुखवटा घातलेला माणूस नको. एवढी चांगली गोष्ट हातात आहे म्हणूनच म्हणतो, ६४ शॉटांच्या गर्दीत ती हरवू देऊ नका.

हिशोब साधा आहे. दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद, ६४ शॉट टाकले तर प्रत्येक शॉटला दोन सेकंदसुद्धा येत नाहीत, त्यात टायटल्स वाचायला वेळ हवा. मुलगी जिन्यात थबकली हे प्रेक्षकाला जाणवायला तिला थबकून राहू द्यावं लागतं ना. दुसरा हिशोब रात्रीचा. दहाला सुरू करून पाचला आवरलं तर सात तास, आणि कॅमेरा हलवून, लाइट लावून, फोकस बघून, एकदा रिहर्सल करून तीनचार टेक घ्यायचे म्हणजे विद्यार्थ्यांच्या टीमला एका सेटअपला, म्हणजे कॅमेरा आणि लाइटच्या एका मांडणीला, अर्धा तास सहज जातो. म्हणजे जेवणखाण धरून दहा-अकरा सेटअप. सेटअप म्हणतोय, शॉट नाही, कारण एकाच जागेवरून घेतलेला लांब टेक एडिटमध्ये तीन तुकड्यांत वापरता येतो. तुमच्या लिस्टमध्ये जिन्याचेच एकोणीस शॉट आहेत, पावलं, हात, पर्स, परत पावलं, खालून, वरून, आणि त्यातल्या एकाही शॉटमधून नवीन काही कळत नाही, ती जिना चढतेय एवढंच परत परत कळतं.

म्हणून शॉट लिस्ट बाजूला ठेवा आणि आधी एका गोष्टीवर चौघांचं एकमत करा: शिट्टी तिच्या घरातली आहे हे प्रेक्षकाला कधी कळणार? तिच्याबरोबर, का तिच्या आधी? हे ठरलं की निम्मे शॉट आपोआप गळतात. थ्रिलरचे दिग्दर्शक हिचकॉक यांनी १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या लांबलचक मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं, की बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो, पण बॉम्ब आहे हे त्याला आधीच माहीत असेल तर टेबलावरच्या साध्या गप्पासुद्धा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. ऑर्सन वेल्सच्या १९५८ च्या ‘टच ऑफ इव्हिल’ची सुरुवात अशीच आहे, पहिल्याच फ्रेममध्ये हातात टाइम बॉम्ब, तो गाडीच्या डिकीत जातो, आणि मग कॅमेरा तीन मिनिटांहून जास्त वेळ न कापता त्या गाडीच्या आणि रस्त्यावरच्या माणसांच्या मागे फिरत राहतो. तुम्हाला क्रेन नको, लांब टेकही नको, क्रम मात्र बघून घ्या, बॉम्ब आधी आणि माणसं नंतर.

माझं स्पष्ट मत, तुम्ही प्रेक्षकाला आधी सांगा. ड्रोन काढून टाका, त्यातून बिल्डिंग आहे एवढंच कळतं. पहिला शॉट किचनमध्ये घ्या. अंधार, एक हात येतो, गॅसचं बटन फिरवतो, लायटर मारतो, निळी ज्योत, वर कुकर. चेहरा नाही. आता इथे थोडं थांबून विचार करा, कारण सगळी मजा या एका शॉटमध्ये आहे. तो हात लायटर शोधतोय का? का ओट्याच्या बाजूला खिळ्याला अडकवलेला लायटर न बघता काढतोय? शोधत असेल तर चोर घुसलाय असं वाटेल. न बघता काढला तर या माणसाला हे घर माहितीये, तो आधीही इथे येऊन गेलाय, आणि हे कळलं की पोटात गोळा येतो. मग लगेच कट, मुलगी खाली जिन्यात, फोनवर कोणाला तरी सांगतेय, अगं आता पोचतेच, पडते आणि झोपते. पहिली शिट्टी. तिला काही वाटत नाही, आपल्याला वाटतं. आता जिन्याचा एकच लांब वाइड, म्हणजे लांबून सगळी जागा दाखवणारा शॉट पुरतो, वरच्या लँडिंगवरून खाली बघणारा, आणि तो जितका शांत ठेवाल तितका अंगावर येईल.

दाराजवळ दोन सेटअप. एक तिच्या खांद्यामागून, समोर दार आणि बाजूला शेजारच्यांचं दार, दुसरी शिट्टी होते आणि ती शेजारच्या दाराकडे बघते, तिथे दाराखाली अंधार. दुसरा किल्ली आणि लॅचचा इन्सर्ट, म्हणजे फक्त तेवढंच दाखवणारा जवळचा शॉट. किल्ली पूर्ण फिरवायच्या आधीच दार सरकतं, हे जवळून दिसलंच पाहिजे, वाइडमध्ये ते वाया जाईल.

मग घराच्या आतून दाराकडे बघणारा शॉट, तो तुमच्या लिस्टमध्ये ३८ नंबरला आहे आणि अजिबात काढू नका. आत काळोख, दार उघडतं, जिन्यातल्या बल्बचा उजेड फरशीवर पसरतो, ती काळी आकृती. पण हा शॉट कोण बघतंय हे ठरवा. ट्रायपॉडवर, कमरेच्या उंचीला ठेवला तर तो नुसता घराचा पॅसेज. उभ्या माणसाच्या डोळ्याइतका वर घेतला, हातात धरला, किंचित हलला, बाजूला भिंतीची कड फ्रेममध्ये आली, की तिथे कोणीतरी उभं राहून बघतंय हे प्रेक्षक स्वतःच समजून घेतो. दोन्ही चालतील, पण ठरवून करा, रात्री तीन वाजता सगळे दमलेले असताना जसं जमेल तसं नको.

तिच्या चेहऱ्याचा क्लोजअप इथपर्यंत एकदाही वापरू नका. लिस्टमध्ये तो पाचव्या शॉटलाच आलाय, तिथे त्याला काही कामच नाही. तिसऱ्या शिट्टीला, ती घरात उभी आहे आणि आवाज आता अगदी जवळ आहे, तेव्हा द्या आणि धरून ठेवा. शेवट किचनमधल्या माणसावर नका करू. चौसष्ट शॉट दाखवून जे होणार नाही ते टेबलावर मांडलेल्या दोन ताटांनी होईल. १९३१ च्या ‘एम’मध्ये फ्रिट्झ लांगनी लहान मुलीचा खून दाखवलाच नाही, घरी वाट बघणारी आई, टेबलावरची रिकामी जागा, गवतातून घरंगळत आलेला बॉल आणि तारांमध्ये अडकलेला फुगा दाखवला, बास.

आता कामाचं. फ्लॅटचा नकाशा कागदावर काढा, ओटा, पॅसेज, दार, जिना, आणि प्रत्येक सेटअपला कॅमेऱ्याचा त्रिकोण काढून नंबर द्या, लाइट कुठे, तिघंजण कुठे लपणार तेही लिहा, कारण वनबीएचकेमध्ये कॅमेऱ्यामागे उभं राहायलाच जागा नसते. नंतर मोबाइल घेऊन कोणालाही मुलीच्या जागी उभं करा, प्रत्येक सेटअपचा एक फोटो काढा, ते फोटो एडिटिंग अ‍ॅपमध्ये लावा आणि खाली शिट्टीचा खरा आवाज टाकून दोन मिनिटं चालवून बघा. कुठला शॉट दुसऱ्याची कॉपी आहे ते तेव्हाच दिसतं, भांडायची गरज पडत नाही. चित्रकला चांगली असेल तर स्टोरीबोर्ड काढा, नसेल तर हे फोटो त्याहून उपयोगी, कारण फोटोत खरी भिंत असते आणि कॅमेरा भिंतीतून मागे जात नाही हे लगेच कळतं.

शूटिंगचा क्रम स्टोरीप्रमाणे ठेवू नका. जिना आणि दार आधी उरका, बाराच्या आत, नंतर शेजारी झोपतात आणि मुलीच्या सॅन्डलचा आवाज सगळ्या बिल्डिंगमध्ये जातो. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी लेखी कळवा, वॉचमनकाकांना पण सांगा, नाहीतर ऐन टेकला टॉर्च घेऊन वर येतील. किट लेन्स जिन्यात वाइडलाच ठेवा, झूम केलं की अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं लेन्सचं भोक, लहान होत जातं आणि चित्र काळं पडतं. गॅसच्या शॉटला ५० एमएम, पण ती फार जवळचं फोकस करत नाही, हातभर अंतर लागेल, ते घरी मोजून या. निळ्या ज्योतीचा उजेड फारच कमी असतो, फ्रेमबाहेरून एक एलईडी भिंतीवर मारा, अगदी मंद, म्हणजे हाताची कड दिसेल आणि बाकी काळोख राहील.

शिट्टी शूटिंगच्या वेळी खरी वाजवत बसू नका, टायमिंग कधीच जमणार नाही. कुकर एकदा वेगळा लावा आणि आवाज तीन ठिकाणांहून रेकॉर्ड करा, ओट्याजवळ, पॅसेजमध्ये आणि दार बंद करून बाहेर लँडिंगवर. बंद दारामागून येणारा जो दबका आवाज आहे तो कॉम्प्युटरवर बनवण्यापेक्षा असाच चांगला मिळतो, आणि मुलगी वर येते तशी शिट्टी जवळ येत जाते. टायटल्ससाठी जिन्याच्या वाइडमध्ये एका बाजूला रिकामी भिंत सोडा. गॅसच्या शॉटवर एकही नाव नको, लोक अक्षरं वाचतात आणि लायटर बघायचा राहून जातो.

प्रश्न : आम्ही साताऱ्यात गल्लीतला पाठलाग शूट केला. एक मुलगा पुढे, एक माणूस मागे. पण एडिट केल्यावर दोघं एकमेकांच्या समोरून येतायत असं वाटतंय. री-शूट शक्य नाही. काही करता येईल का?
— एफवायची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तुझ्या क्लिप बघितल्या. मुलगा डावीकडून उजवीकडे पळतोय आणि मागचा माणूस उजवीकडून डावीकडे, म्हणजे मधल्या चहाच्या ब्रेकनंतर कॅमेरा गल्लीच्या दुसऱ्या बाजूला गेला. दोघं चालतायत त्या दिशेची एक रेघ जमिनीवर आहे असं समजायचं आणि कॅमेरा कायम तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, यालाच १८० डिग्रीचा नियम म्हणतात. रेघ ओलांडली की पडद्यावरची दिशा उलटी होते आणि प्रेक्षकाला जागेचा पत्ताच लागत नाही. थ्रिलरमध्ये हे जास्त नडतं, कारण कोण कुठे आहे आणि किती जवळ आलंय यावरच तर सगळं उभं असतं.

री-शूट नसेल तर दोन उपाय. तुझ्याकडे मुलाचा समोरून घेतलेला एक शॉट आहे, तो थेट कॅमेऱ्याकडे येतो, त्याला डावं-उजवं नाही, तो दोघांच्या मध्ये टाक, झटका बराच कमी होईल. नाहीतर मागच्या माणसाच्या क्लिप एडिटमध्ये आडव्या फ्लिप कर. मात्र आधी बारकाईने बघ, दुकानाची पाटी किंवा गाडीचा नंबर दिसला तर अक्षरं उलटी होतील, आणि शर्टाचा खिसा डावीकडचा उजवीकडे जाईल. खिसा कोणी बघत नाही असं वाटतं पण त्याच माणसाचा दुसरा शॉट लगेच लागून असेल तर बघतात. तुझ्या तिसऱ्या क्लिपमध्ये किराणा दुकानाची पाटी आहे, ती क्लिप फ्लिप करता येणार नाही, पाटी यायच्या आधी काप.

प्रश्न : मोबाइलवर रात्रीचं शूट केलं की ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे सरकतात. फोन खराब आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फोन ठीक आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, आणि फोन ऑटोवर असला की शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ, स्वतःच बदलत राहतं, ते या लयीशी जुळलं नाही की पट्टे दिसतात. मॅन्युअल व्हिडिओ मोड असलेलं अ‍ॅप घ्या, २५ फ्रेम ठेवा, शटर १/५० वर लॉक करा, फार उजेड वाटला तर १/१००. काही स्वस्त एलईडी बल्ब यानंतरही त्रास देतात, खासकरून डिमर लावलेले. तिथे सेटिंगशी झगडण्यात रात्र घालवू नका, बल्ब बदला, आणि शूटिंगच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली अर्धा मिनिट रेकॉर्ड करून लॅपटॉपच्या मोठ्या स्क्रीनवर बघा, फोनच्या स्क्रीनवर हलके पट्टे लक्षात येत नाहीत.